रेषा नव्हे, शंकू पाहा



साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग तुमच्यापैकी काहींनी केला असेल, बाकीचे लवकरच करतील. अशा प्रयोगांच्या वह्या मी गेली वीस वर्षे तपासत आहे. बहुतेक वह्यांत उत्तर अगदी ९.८ असते. वाचने घेण्याआधीच उत्तर पाठ असते. उरलेले काम खोडरबर करते. ज्याचे उत्तर प्रामाणिकपणे ९.५ आले, तो बिचारा गुण जातील म्हणून धास्तावतो. आणि उत्तरापुढे ‘अधिक-उणे किती’ हे लिहिणारा विद्यार्थी तर क्वचितच भेटतो. चूक म्हणजे लपवावयाची गोष्ट, अशी आपली समजूत झाली आहे.

ही समजूत किती महाग पडू शकते, हे मला प्रयोगशाळेत नव्हे, तर एका चक्री वादळाच्या निमित्ताने कळले.

२ जून २०२० चा दिवस. ‘निसर्ग’ हे चक्री वादळ अरबी समुद्रातून कोकण किनाऱ्याकडे सरकत होते. टाळेबंदीमुळे मी घरीच होतो. श्रीवर्धनच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, “सर, नकाशात रेषा अलिबागवर चढलेली दिसते. म्हणजे आमच्यावरून जात नाही ना?” मी म्हणालो, “रेषेवर जाऊ नकोस, सरकार सांगेल तसे कर.” तो म्हणाला, “पण सर, रेषा तर स्पष्ट आहे!”

भारतीय हवामान खात्याने मात्र एक बिंदू सांगितला नव्हता. हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागच्या जवळपास, वादळ किनारा ओलांडील असे त्यांचे म्हणणे होते. हा पट्टा अडीचशे किलोमीटरांहून लांब आहे. पण लोकांनी त्यातून एकच गाव उचलले, आणि पुष्कळांनी तर फक्त मुंबई. ३ जूनच्या दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, आणि त्याखाली रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. तिकडे मुंबईत लोक म्हणत होते, “वाचलो!” अंदाज चुकला नव्हता. तो वाचणारे चुकले होते. माझा विद्यार्थी सुखरूप राहिला, पण त्याची पोफळीची बाग गेली. बाग कोणत्याही अंदाजाने वाचली नसती, हे खरे. पण ‘रेषा आमच्यावरून जात नाही’ या भरवशावर तो घरातच थांबला असता तर? त्याच्या वहीत मी एकेकाळी ९.८ या उत्तराला पूर्ण गुण दिले होते, हे मला त्या रात्री आठवले.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. आपण ज्याला चक्री वादळ म्हणतो त्यालाच अटलांटिक महासागरात हरिकेन म्हणतात. तेथील ‘चार्ली’ नावाच्या हरिकेनची हकीकत या बाबतीत फार बोलकी आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी पहाटे क्यूबा ओलांडून ते अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्याकडे निघाले. अंदाजाची रेषा टँपा या मोठ्या शहराच्या आसपास जात होती. सर्वांचे डोळे टँपाकडे लागले. तेथून पुष्कळ लोक बाहेर पडले आणि त्यांतील काही जण आतल्या बाजूच्या ओरलँडो शहरी गेले. दिवसा वादळ अपेक्षेपेक्षा लवकर उजवीकडे वळले. पहाटे त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे पावणेदोनशे किलोमीटर होता. दुपारी किनाऱ्यावर येताना तो सुमारे २४० झाला होता! टँपाच्या दक्षिणेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरांवर असलेल्या पंटा गोर्डा या लहान गावाची त्याने धूळधाण केली. पुढे ते ओरलँडोवरूनही गेले. टँपा जवळजवळ कोरडे राहिले.

येथेही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की पंटा गोर्डाच्या किनाऱ्याला इशारा जवळजवळ एक दिवस आधी मिळाला होता. ते गाव शंकूच्या आतच होते, फक्त रेषेवर नव्हते.

आता हा शंकू म्हणजे काय ते पाहू. वादळ म्हणजे वाहत्या ओढ्यातील भोवऱ्यासारखे असते. भोवरा स्वतःभोवती फिरतो, पण पुढे कोठे जायचे ते ओढ्याचे पाणी ठरवते. तसेच वादळाला भोवतालच्या वातावरणातील मोठे वारे वाहून नेतात. उपग्रह, किनाऱ्यावरील रडार, समुद्रातील तरंगती यंत्रे आणि अमेरिकेत तर थेट वादळात शिरणारी विमाने, यांच्याकडून मापने येतात व संगणक पुढील मार्ग काढतो. पण सुरुवातीच्या प्रत्येक मापनात थोडी चूक असतेच आणि ती वेळेबरोबर वाढत जाते. म्हणून मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्र काय करते? १२ तासांनंतर, २४ तासांनंतर, ३६ तासांनंतर वादळाचे केंद्र जेथे असेल असे वाटते, तेथे एकेक वर्तुळ काढते. वर्तुळाची त्रिज्या मनाने ठरवत नाहीत. मागील पाच वर्षांतील आपल्याच अंदाजांच्या चुका मोजून, त्यांतील दोन-तृतीयांश चुका ज्यात मावतील एवढी ती घेतात. दूरच्या वेळेची वर्तुळे मोठी होत जातात. ती सर्व जोडली की शंकू तयार होतो. आपले हवामान खातेही असाच शंकू काढते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, सुमारे तीन वेळांपैकी एकदा वादळाचे केंद्र वर्तुळाच्या बाहेरही असू शकते. दुसरी, शंकू फक्त केंद्राविषयी बोलतो. वादळ हा बिंदू नसून त्याचा पसारा शेकडो किलोमीटरांचा असू शकतो. म्हणून शंकूच्या कडेला, किंवा थोडे बाहेरही असलेले गाव सुरक्षित, असा अर्थ काढता येत नाही.

किनारा तिरका असेल तर आणखी एक गंमत होते. कागदावर एक सरळ रेषा काढा, तो किनारा. तिला ९० अंशांत छेदणारी दुसरी रेषा काढा. तो वादळाचा मार्ग. हा मार्ग स्वतःला समांतर ५० किलोमीटर सरकवला तर किनाऱ्यावरील छेदनबिंदूही ५० किलोमीटरच सरकेल. आता हा कोन ३० अंश करा. छेदनबिंदू किती सरकेल? ५० भागिले ३० अंशांचा साइन, म्हणजे १०० किलोमीटर! कोन २० अंश असेल तर जवळजवळ १५०. चार्ली फ्लोरिडाच्या किनाऱ्याकडे असेच तिरके येत होते. आपला कोकण किनारा जवळजवळ दक्षिणोत्तर आहे आणि अरबी समुद्रातील वादळे पुष्कळदा उत्तरेकडेच सरकतात. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ तर आपल्या किनाऱ्याला समांतर गेले आणि १७ मेच्या रात्री गुजरातेत जमिनीवर आले. महाराष्ट्राचा किनारा त्याच्या केंद्राने कधी ओलांडलाच नाही, तरी कोकणाला आणि मुंबईला त्याने झोडपून काढले. म्हणजे ‘नेमके कोणत्या गावी?’ हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर विशेष अवघड आहे.

यावर काही जण म्हणतात, सामान्य माणसाला शंकू-बिंकू कळत नाही, त्याला एक उत्तर द्यावे. शिवाय मोठ्या पट्ट्याला इशारा दिला तर अनेक गावे उगाच हलवली जातात आणि पुढच्या वेळी लोक ऐकत नाहीत. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. घर सोडून शाळेच्या वर्गात रात्र काढणे सुखाचे नसते. यावर खरा उपाय शंकू अरुंद करणे हाच आहे, आणि तो होतही आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेत २४ तासांच्या अंदाजात सरासरी पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर चूक असे. आता ती पन्नास-साठ किलोमीटरांवर आली आहे. पण ती शून्य कधीच होणार नाही. आणि ‘उगाच’ हलण्याची किंमत कोणत्या किमतीशी ताडून पाहावयाची? ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे १०,००० माणसे गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ आले, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवले होते. मृतांची संख्या शंभराच्याही खूप खाली राहिली. त्या दहा लाखांतील पुष्कळांच्या गावी कदाचित काहीच झाले नसेल. म्हणून त्यांचे हलणे चुकीचे ठरत नाही.

पहिला आक्षेप मात्र मला मुळीच मान्य नाही. शंकू कळत नाही, कारण तो आपण शिकवत नाही. शिक्षक बंधुभगिनींनो, दोष माझ्यासह आपला आहे. ‘अधिक-उणे’ हा प्रयोगवहीतील कोपऱ्यातला उपचार नव्हे. आपल्याला किती ठाऊक आहे हे प्रामाणिकपणे सांगण्याची ती रीत आहे. ९.८ ला पूर्ण गुण आणि ‘९.५, अधिक-उणे ०.४’ ला कमी, ही पद्धत आपण बंद केली पाहिजे. मी माझ्या वर्गात बंद केली आहे.

आणि मित्रहो, तुम्ही एक करा. पुढच्या वेळी समुद्रात चक्री वादळ निर्माण झाले, की हवामान खात्याच्या पत्रकातून दर तीन तासांनी त्याच्या केंद्राचे अक्षांश-रेखांश उतरवून घ्या आणि आलेख-कागदावर मांडा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. कोकणाजवळ रेखांशाचा एक अंश सुमारे १०६. शेवटच्या दोन बिंदूंवर पट्टी ठेवून वादळ १२ आणि २४ तासांनी कोठे असेल ते स्वतः ठरवा. मग खरे स्थान कळले की आपली चूक किलोमीटरमध्ये मोजा व लिहून ठेवा. ती खोडू नका. तिच्याएवढी त्रिज्या घेऊन कंपासने वर्तुळ काढा आणि त्यात किती गावे येतात ती मोजा.

त्या वर्तुळात तुमच्या मामाचे किंवा आजीचे गाव आले, तर ‘रेषा तिकडून जात नाही’ असे त्यांना सांगू नका. “आपण वर्तुळात आहोत” एवढे सांगा आणि त्यांना वेळेवर निघायला लावा.