भाव पडला की फिटर हमाल होतो

मंदीत मालक सहसा पगार कापत नाहीत, असं अर्थशास्त्राची पुस्तकं सांगतात. अकोला-अमरावतीच्या जिनिंगांत कापायची गरजच पडत नाही. माणसाचं कामच बदलून टाकतात. ही चोरी आहे आणि मी तिला चोरीच म्हणणार.

2021-22 चा हंगाम आठवा. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 6,025 रुपये, आणि अकोटच्या बाजारात भाव 10 हजारांच्या पार. मे 2022 मध्ये रुईची खंडी लाखावर गेली. माझ्या माहितीतल्या एका जिनिंगने तेव्हा कवडी, म्हणजे खराब कापूस, वेचणाऱ्या बायांना थेट रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, उभं केलं. फिरत्या रोलरला कापूस चारायचा, अडकलेली सरकी काढायची, बोटं सांभाळायची. मजुरी कवडी वेचण्याचीच.

पुढच्या हंगामात भाव घसरला, शेतकऱ्यांनी कापूस घरातच ठेवला, रेचे थंडावले. चामडी रोलरला खाचा पाडणाऱ्या, सुरीचं अंतर नेमकं बसवणाऱ्या फिटरला मुकादम म्हणाला, "भाऊ, रेचे बंद हायेत. गठाणी ढकला, नाही तं घरी बसा." 170 किलोची गठाण ढकलायची आणि दर हमालीचा घ्यायचा. फिटरचा दर वहीत होता तेवढाच राहिला; फक्त तो घेणारा कोणी उरला नाही.

तेजीत माणसं वरच्या कामाला चढतात, मंदीत खाली उतरतात, हे मेल्विन रेडर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1955 मध्येच मांडलं. आमच्याकडे उतरताना मजुरीही उतरते, चढताना मात्र जागची हलत नाही. धंदा भावावर चालतो म्हणता, तर मग 2022 ची तेजी त्या बायांच्या हाती का नाही पडली?

कायद्यानेही पाठ फिरवली. 1948 च्या कामगार राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले, त्यात कापसाचं जिनिंग नाव घेऊन लिहिलं. ग्रॅच्युइटी इतरांना वर्षामागे 15 दिवसांची, हंगामी कामगाराला हंगामामागे 7 दिवसांची. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हा आकडा तसाच ठेवला. आणि हिशेब होतो शेवटच्या मजुरीवर. शेवटच्या हंगामात हमाल केलेल्या फिटरचे सगळे हंगाम मग हमालीच्याच दराने मोजले जातात!

प्रत्येक फाटकावर कामागणिक दर लिहा. मस्टरवर रोज केलेल्या कामाचं नाव टाका. फिटरला गठाणी ढकलायला लावलं तरी दर फिटरचाच द्या. दोन्ही जिल्ह्यांच्या कामगार कार्यालयांनी दिवाळी सरताच ही मस्टरं तपासायला निघालं पाहिजे. हंगाम उलटल्यावर जिनिंगमध्ये विचारायला माणूस सापडत नाही.