शेवटचा ‘ना’

मराठीतला ‘ना’ मोठा मायावी आहे. वाक्याच्या आरंभी आला तर नकार देतो, आणि शेवटी येऊन बसला की होकार मागतो. वर्गात ‘समजलं ना?’ असे विचारले की साठ माना एकदम डोलतात. नांदेडात मी इतकी वर्षे मराठी शिकवतो आहे, पण या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा विद्यार्थी अजून भेटायचा आहे. त्याच वर्गात ‘कुठल्या ओळीशी अडलात?’ असे विचारून पाहावे. दोन मिनिटे शांतता राहते. मग मागच्या बाकावरून एक हात हळूच वर येतो आणि खरा तास सुरू होतो.

फराळाच्या ताटात व्याकरण वाढतो आहे, म्हणून वाचकांनी रागावू नये. ज्यांच्या शब्दावर चार माणसे कामाला लागतात, त्या सगळ्यांची ही गोष्ट आहे. मग तो मुख्याध्यापक असो, तहसीलदार असो, नाहीतर गणेश मंडळाचा अध्यक्ष. साहेब बैठकीत विचारतात, ‘तीस तारखेपर्यंत होईल ना?’ सगळे म्हणतात, ‘होईल, साहेब.’ तीस तारीख उजाडते आणि काम तसेच पडून असते. साहेब चिडतात. पण त्यांनी विचारले कुठे होते? त्यांनी हुकूम सोडला होता. त्याच्या शेपटीला प्रश्नचिन्ह बांधले होते, इतकेच. दारी नंदीबैल येतो, ‘पाऊस पडेल का?’ म्हटले की मान हलवतो. आपण त्याला पसाभर धान्य घालतो, पण त्याच्या भरवशावर पेरणी करत नाही. बैठकीतल्या माना पाहून मात्र आपण खुशाल पेरणी करतो! ‘हे काम कशात अडेल?’ असे विचारले असते, तर अडचण महिनाभर आधी कळली असती.

बैठकीत असे झाले तर एक तारीख चुकते. कधी कधी त्याहून फार मोठे काही चुकते. आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्याने ते पाहिले आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून गावे निजली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या पहाटे कोणी प्रश्न विचारत बसला असता तर ते पापच ठरले असते. ढिगारा उपसताना हुकूमच लागतो.

प्रश्नांची वेळ नंतर आली. ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरली. लोकांना विचारले नाही असे नाही, ग्रामसभा झाल्या. पण ज्याचे घर कालच अंगावर पडले आहे, त्याला ‘जुन्या जागी राहणार का?’ म्हटले तर तो ‘नको’ म्हणणारच! ते भीतीचे उत्तर होते. त्यापुढचा प्रश्न होता, ‘तुमचा दिवस घरात कसा जातो?’ तो पुरेसा विचारला गेला नाही. जमिनीच्या मानाने २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे ठरली. रुंद, सरळ रस्ते आखले गेले. पण बैल कुठे बांधायचे, कडबा आणि अवजारे कुठे ठेवायची, वाड्याच्या अंगणाच्या आडोशाने बाया दिवसभर जी कामे करत ती आता कुठे करायची, याला नकाशात पुरती जागा नव्हती. लोकांनी मग आपल्या हातांनी आडोसे घातले, भिंती ओढल्या, पडव्या काढल्या. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे गावांनी दगडामातीत लिहिली, असेच म्हणायचे.

याच पुनर्वसनाचे दुसरे अंग वेगळे होते. ज्या गावांत घरे तडकली होती पण उभी होती, तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. घरे जवळजवळ दोन लाख, गावे हजाराहून अधिक. पैसा सरकारचा, काम घरमालकाने करून घ्यायचे. हुकुमाने हे कसे हलणार? तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेला लोकसहभागाचे काम दिले गेले आणि गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. इंजिनिअरचे म्हणणे घरात न्यायचे आणि घरातली अडचण इंजिनिअरपर्यंत आणायची, हे त्यांचे काम. घरात काय अडले आहे हे इंजिनिअरपेक्षा शेजारणीला आधी कळते. शिवाय तिच्यापुढे मान डोलवायचे कारण नसते. याच भागातल्या बाया २००१च्या भूकंपानंतर आपला अनुभव घेऊन कच्छमध्ये गेल्या, तिथल्या बायांशी बोलल्या. ज्यांना कोणी काही विचारत नसे, त्यांना आता दुसऱ्या मुलखातून विचारणा होऊ लागली!

यातून मी एवढेच शिकलो. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे किंवा हवे आहे, तो प्रश्न नव्हे. ज्याच्या उत्तराने आपला नकाशा बदलू शकतो, तोच प्रश्न. तो ज्याच्या अंगावर काम पडणार त्याला विचारावा, आणि विचारून झाल्यावर गप्प बसावे. हे शेवटचे सर्वांत अवघड. आम्हा मास्तरांना तर फारच.

आणखी एक. अशा प्रश्नाला कधीतरी ‘नाही’ असे उत्तर येते. त्या क्षणी साहेबांचा चेहरा कसा होतो, तिकडे साऱ्या कचेरीचे डोळे असतात. पुढच्या वर्षभरात खरे बोलायचे की माना डोलवायच्या, हे तिथेच ठरते.