गाडी भावाची, ऑर्डर कंपनीची, विमा कुणाचा?

रात्री दहानंतर मारुती मंदिरच्या सर्कलवर उभे राहा. पाठीवर चौकोनी पिशवी अडकवलेली आपलीच पोरं दिसतील. त्यातल्या एकाला मी विचारलं, "गाडीचा विमा आहे ना रे?" "आहे की, चाचा!" म्हणत त्याने मोबाईलवर पॉलिसी दाखवली. नाव मोठ्या भावाचं. भाऊ कुवेतला.

रत्नागिरीत अशा गाड्या कमी नाहीत. भाऊ आखाती देशात गेला की त्याची बाईक धाकट्याकडे येते. पोलिसाला दाखवायला तो कागद पुरतो, अपघातात पुरेल असं नाही.

खासगी दुचाकीच्या पॉलिसीत वापराची अट असते: भाड्याने किंवा मोबदल्यासाठी गाडी चालवायची नाही. डिलिव्हरी करताना कुणाला धडक बसली, तर याच अटीवर विमा कंपनी हात वर करू शकते. जखमीला पैसे देण्याचा आदेश न्यायाधिकरणाने दिला, तरी ते नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळू शकते. मालक म्हणजे कुवेतचा भाऊ. कर्जाच्या बाबतीत आपला दीन किती कडक आहे, हे वेगळं सांगायला नको.

पोरगा स्वतः गेला तर? १५ लाखांचं सक्तीचं अपघात कवच नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल तरच लागू होतं. निंगम्मा खटल्यात (२००९) इलकलहून गावी निघालेला माणूस मागून घेतलेल्या बाईकवर मेला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, गाडी मागून घेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो. त्या कलमाखाली घरच्यांना मालकाच्या विम्यातून भरपाई मागता येत नाही.

डिलिव्हरी कंपन्या अपघात विमा देतात, पण तो चालवणाऱ्याच्या जिवाचा. समोरच्याला झालेली इजा त्यात येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी उलाढालीचा १ ते २ टक्के वाटा देण्याची तरतूद आहे. पण गाडीच्या पॉलिसीतली ही अट तशीच राहते. पोराच्या गाडीवर धंदा करणाऱ्या कंपनीनेच व्यावसायिक वापराच्या विम्याचा हप्ता भरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

विमा जायज की नाजायज, हा वाद आपल्याकडे चहाबरोबर रंगतो. त्रयस्थ विमा तर कायद्यानेच सक्तीचा आहे. तेव्हा आज घरातली पॉलिसी काढून मालकाचं नाव आणि वापराची अट, एवढ्या दोन ओळी वाचा. मग एजंटला विचारा, डिलिव्हरीचा वापर चालेल का? उत्तर लेखी घ्या.