आचारी, आचार्य आणि एक कळ

घरच्या मंगलकार्यात देणीघेणी चुकू नयेत म्हणून आम्ही स्वतः संगणकावर यादी केली. ‘आचाऱ्यांना पाच हजार’ असे लिहावयाचे, ते ‘आचार्यांना’ असे उमटले. यादीबरहुकूम भाच्याने पाकीट गुरुजींच्या हाती ठेवले. आचारी मुदपाकखान्याच्या दारात तिष्ठत राहिले. भाचा इंदुरातच वाढलेला. ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांतील भेद हिंदीच्या शाळेत त्याला कोण शिकविणार? पण मराठीचे एम. ए. असूनही आम्हांस ‘ऱ’ची कळ सापडली नव्हती, त्याचे काय?

आमच्या एका अभियंता विद्यार्थ्याने यावर उपाय आणला. त्याच्या कळफलकातील चिपेला हवे ते शिकविता येते. तिच्यातील आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. त्याची ‘क्यूएमके’ नावाची होती. एका कळीवर त्याने ‘ऱ’ बसविला होता.

आमची समजूत अशी, की कळफलक अक्षर पाठवितो. तसे नाही. तो केवळ कोणती कळ दाबली ते कळवितो. अक्षर संगणक ठरवितो. युनिकोडमध्ये ‘ऱ’चा क्रमांक ०९३१ आहे खरा, पण तो थेट पाठविण्याची सोय कळफलकाच्या नेहमीच्या निरोपात नाही. म्हणून चिप माणसाचे सोंग घेते. लिनक्सवर सोय असेल तेथे कंट्रोल, शिफ्ट व यू या कळा एकदम दाबल्याचे भासविते, मग क्रमांकाचे चार अंक, मग स्पेस. मॅकवर ऑप्शन दाबून धरून तेच अंक. विंडोजवर बहुधा ‘विनकंपोज’सारखा साहाय्यक लागतो. यंत्र बदलले, की चिपेला सोंगही बदलावे लागते.

सोंग बेमालूम खरे; पण मॅकवर त्यासाठी युनिकोड क्रमांकांची निराळी लेखनपद्धती निवडावी लागते आणि देवनागरी मांडणी बाजूस सारावी लागते. एका ‘ऱ’साठी अवघी बाराखडी गहाण!

मग आम्ही दोघांनी मिळून इन्स्क्रिप्टचा तक्ता पाहिला. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकातील ही मांडणी. तीत जे या कळीवर ‘र’ आणि शिफ्टसह ‘ऱ’ आहेच! तो ओशाळून हसला. आमचीही मान खाली गेली. क्रमांकाची खटपट सोडून त्याने त्या कळीला शिफ्ट व जे एवढेच पाठवावयास शिकविले. आता इन्स्क्रिप्ट निवडलेली असली, की तिन्ही प्रणालींवर ‘ऱ’ उमटतो. पुढे डी वर हलन्त, तिरप्या रेघेच्या कळीवर ‘य’, की झाला ‘ऱ्य’.

यादी आम्ही पुन्हा छापली. आचाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी नोटा मोजून घेतल्या.