चुकून दिलेले बेरोजगारी साहाय्य आणि परराज्यातील वसुली : कर्मचारी राज्य विमा महामंडळास खुले पत्र

प्रति,
महासंचालक,
कर्मचारी राज्य विमा महामंडळ, नवी दिल्ली

पवनानगर, ता. मावळ, जि. पुणे



काम सुटलेल्या विमाधारक कामगाराला रोख आधार देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. करोनाच्या साथीत तिच्यातील साहाय्य सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के झाले, आणि दावा शेवटच्या मालकामार्फत पाठवण्याची अट जाऊन तो कामगाराला स्वतःच शाखा कार्यालयाकडे दाखल करता येऊ लागला. हे दोन्ही निर्णय कामगाराच्या हिताचे होते आणि त्यांचे श्रेय महामंडळाला दिलेच पाहिजे. या पत्राचा विषय मात्र त्याच व्यवहाराची दुसरी बाजू आहे : देय नसताना दिली गेलेली रक्कम परत घ्यायची झाल्यास, आणि तोवर कामगार दुसऱ्या राज्यात गेलेला असल्यास, ती कोणत्या रीतीने घेतली जावी.

योजनेतील रक्कम मोठी नसते. विम्याच्या कक्षेत येण्यासाठी वेतनाची कमाल मर्यादा दरमहा २१,००० रुपये असल्याने, आयुष्यात एकूण ९० दिवसांपर्यंत मिळू शकणारे हे साहाय्य सर्वाधिक वेतनाच्या कामगारालाही साधारण साडेएकतीस हजार रुपयांपलीकडे जात नाही. परंतु ते मिळते तेव्हा घरात दुसरे उत्पन्न नसते आणि ते महिनाभरात भाडे, किराणा व उसनवारी यांत संपते, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी ते एकरकमी परत मागितले गेल्यास देणाऱ्याला ते नव्या कर्जातूनच उभे करावे लागते.

अशी जादा रक्कम दिली जाण्यास कामगाराची लबाडीच कारण असते असे नाही. पवनानगर आणि पवन मावळातील गावांमधून कामशेतमार्गे तळेगाव व चाकणच्या कारखान्यांत जाणारी तरुण मंडळी बहुधा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतात, आणि त्यांच्या शेजारी त्याच पाळीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले कामगार उभे असतात. काही महिन्यांनी कंत्राटदार ‘ब्रेक’ देतो, म्हणजे काम थांबवून नाव पटावरून कमी करतो. मात्र काम सुटल्याची तारीख महामंडळाच्या नोंदीत कोणती लागेल हे कंत्राटदाराने भरलेल्या विवरणावर अवलंबून असते आणि कामगाराला ते विवरण दिसत नाही. एका महिन्याचे अंशदान, म्हणजे विम्याचा हप्ता, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असल्याने, नवे काम लागल्याची नोंद दावा मंजूर होऊन गेल्यावरच दिसण्याचा संभव राहतो. नव्या राज्यातील कंत्राटदाराने आयुष्यभरासाठी असलेला जुना विमा क्रमांक न विचारता नवा काढला, तर एकाच माणसाचे दोन हिशेब तयार होतात आणि ते जुळवले जाईपर्यंत बराच काळ लोटू शकतो. या साऱ्यात कामगाराने खोटे असे काहीच सांगितलेले नसते.

कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ च्या कलम ७० ने लबाडी आणि निर्दोष चूक असा भेद केला नाही. कायद्याने हक्क नसताना ज्याला लाभ मिळाला, तो त्याची परतफेड करण्यास जबाबदार ठरत असे आणि त्याचा मृत्यू झाल्यास त्याच्या मालमत्तेपुरती ही जबाबदारी वारसाकडे जात असे. लाभ खोट्या निवेदनामुळे मिळाला की कार्यालयाच्या चुकीमुळे, हा प्रश्न ते कलम विचारत नव्हते. खोटे निवेदन करणाऱ्यासाठी कलम ८४ मध्ये सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंतचा दंड वेगळा सांगितला होता. निधी कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के घेऊन उभा राहतो, म्हणून तो लुबाडणाऱ्याकडून पै न पै वसूल व्हावी याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. अडचण आहे ती निर्दोष माणसासाठीही वसुलीचे तेच हत्यार वापरले जाण्याची मुभा असण्यात.

ते हत्यार म्हणजे जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली. महामंडळाच्या स्वतःच्या वसुली अधिकाऱ्यांखेरीज या मार्गानेही रक्कम वसूल करता येते, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १७६ नुसार त्यात मागणीच्या नोटिशीपासून जंगम मालाची जप्ती व विक्री, स्थावराची जप्ती आणि थकबाकीदाराची अटक व कैद इथपर्यंतच्या उपायांचा समावेश होतो. सातबाऱ्यावर बोजा चढण्याचा अर्थ मावळातील शेतकरी कुटुंबाला समजावून सांगावा लागत नाही. एका भावाच्या बेरोजगारीच्या काळातील काही हजारांसाठी सामाईक जमिनीचा व्यवहार अडू शकतो. शिवाय याच १९४८ च्या कायद्याचे कलम ६० कामगाराला मिळणारा रोख लाभ कोणाही धनकोच्या जप्तीपासून वाचवत असे, म्हणजे सावकाराला ज्या पैशाला हात लावता येत नसे तो पैसा चुकीने दिला गेल्याचे ठरताच सरकारी थकबाकीइतका कठोर होतो.

राज्याची सीमा ओलांडली की प्रकरण अधिक बिकट होते. महसूल वसुली अधिनियम, १८९० या अद्याप वापरात असलेल्या कायद्यानुसार पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्याने थकबाकीचा दाखला दुसऱ्या जिल्ह्याच्या, उदाहरणार्थ ओडिशातील गंजामच्या, जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवला की तेथील अधिकाऱ्याने ती रक्कम आपल्याच जिल्ह्यातील थकबाकीप्रमाणे वसूल करायची असते, आणि दाखल्यातील मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो. ज्याला ही देणेदारी मान्य नाही, त्याला कलम ४ ने दिलेला मार्ग असा : त्याने आधी रक्कम भरावी, भरतानाच लेखी निषेध नोंदवावा आणि मग परताव्यासाठी दिवाणी दावा करावा, तोही दाखला देणाऱ्या जिल्हाधिकाऱ्याचे कार्यालय जिथे आहे तेथील न्यायालयात. म्हणजे गंजाममध्ये घरी परतलेल्या कामगाराने पैसे तिथे भरायचे आणि दाद मागायला पुन्हा पुण्याला यायचे.

कर्मचारी विमा न्यायालयाचा मार्ग यापेक्षा जवळचा नव्हता, कारण १९४८ च्या कायद्याच्या कलम ७६ नुसार वाद उद्भवला त्या वेळी विमाधारक जेथे काम करत होता त्या क्षेत्रातील न्यायालयात प्रकरण दाखल व्हावे लागे, आणि ते राज्य शासनाने दुसऱ्या राज्यातील विमा न्यायालयाकडे वर्ग करायचे तर त्या राज्याच्या शासनाचीही संमती लागे. वसुली एका सहीने सीमा ओलांडते आणि तक्रारीला मात्र दोन शासनांची परवानगी लागते. या विषमतेचे समर्थन सामाजिक विम्याच्या कोणत्याही तत्त्वाने होऊ शकत नाही.

अमेरिकेत बेरोजगारी विमा राज्यागणिक वेगळा चालतो आणि एका राज्याचे येणे दुसऱ्या राज्यात मिळणाऱ्या भत्त्यातून कापून घेण्याची व्यवस्था राज्यांनी आपसांत केलेली आहे. तरीही साथीच्या काळातील तातडीच्या भत्त्यात झालेल्या चुकांबाबत तेथील संसदेने डिसेंबर २०२० मध्ये अशी तरतूद केली की कामगाराचा दोष नसेल आणि वसुली न्यायबुद्धीला धरून नसेल, तर राज्याला ती माफ करता येईल. भारतातही हा विचार परका नाही. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ दिल्या गेलेल्या जादा वेतनाच्या बाबतीत वसुली अनुज्ञेय नसल्याचे सांगितले. तो निर्णय नोकरीतील वेतनाविषयीचा असल्याने विम्याच्या लाभाला आपोआप लागू होत नाही. पण कायम नोकरीतील शिपायाला जे संरक्षण मिळते, ते ‘ब्रेक’ मिळालेल्या कंत्राटी कामगाराला नाकारण्यास नैतिक आधार कोणता, याचे उत्तर महामंडळाने द्यावे.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून १९४८ चा कायदा तिच्यात सामावला गेला आहे, परंतु जुन्या कायद्याखाली वाटलेल्या रकमांचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. उलट नियम नव्याने घडवले जाण्याचा हा काळ असल्याने तो सोडवण्याची हीच वेळ आहे. जादा रक्कम कामगाराच्या खोट्या निवेदनामुळे दिली गेली, मालकाच्या विवरणामुळे की कार्यालयाच्या चुकीमुळे, याचा लेखी निष्कर्ष नोंदवल्याशिवाय वसुलीचा आदेश निघू नये, आणि शेवटच्या दोन कारणांत माफीचा अधिकार प्रादेशिक कार्यालयाला असावा. मालकाच्या चुकीचा भार मालकावर पडावा. सुनावणी कामगार सध्या राहतो तेथील शाखा कार्यालयात व्हावी, कारण महामंडळाची कार्यालये देशभर आहेत आणि कागद महामंडळाच्या पुण्यातील बिबवेवाडी कार्यालयातून तिकडे पाठवणे माणसाला इकडे बोलावण्यापेक्षा सोपे आहे. जिथे वसुली खरोखर योग्य असेल तिथे नवे काम लागल्यानंतर हप्ते बांधून द्यावेत, आणि महसुली दाखला फक्त सिद्ध लबाडीच्या प्रकरणांसाठी राखून ठेवावा.

नोटीस कामगाराला समजणाऱ्या भाषेत असावी, म्हणजे मावळातल्याला मराठीत आणि गंजामला परतलेल्याला ओडियात. तीत कोणत्या तारखांचे साहाय्य अदेय ठरले, कोणत्या मालकाच्या कोणत्या विवरणावरून ठरले आणि उत्तर कुठे व किती दिवसांत द्यायचे, हे तिन्ही स्पष्ट लिहिलेले असावे, आणि उत्तराची मुदत संपेपर्यंत कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याकडे वसुलीची विनंती जाऊ नये.