वळच्या वहीत भाडेकरूची नोंद हवी

टोकियोच्या एडोगावा वॉर्डाने मे 2019 मध्ये रहिवाशांसाठी पूरनकाशा काढला. त्याच्या मुखपृष्ठावर वॉर्डाचा नकाशा होता आणि नेमक्या त्या वॉर्डावरच ठळक अक्षरांत छापले होते: इथे थांबू नका. आराकावा आणि एडोगावा या नद्यांच्या मुखाशी वसलेल्या या उपनगराची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, तेव्हा महापुराचा इशारा मिळताच वॉर्ड सोडून बाहेर जा, असे प्रशासनानेच सांगितले. आपल्या गावाची अशी ओळख करून द्यायला धाडस लागते. एडोगावाची लोकसंख्या सुमारे 7 लाख, म्हणजे 2011 च्या जनगणनेत भिवंडी महापालिकेच्या हद्दीत जेवढे लोक मोजले गेले, जवळपास तेवढीच. तिथे राहायला येणाऱ्याने 14 दिवसांत वॉर्ड कार्यालयात नोंद करायची असते आणि जुलै 2012 पासून दीर्घकाळ राहणारे परदेशी नागरिकही त्याच रहिवासी नोंदवहीत येतात. निशी-कासाई स्टेशनच्या आसपास 2000 च्या सुमारास भारतीय संगणक अभियंते राहू लागले, त्यांत मराठी कुटुंबेही होती. नव्या मुलखात कोणाला काय विचारायचे हे त्यांना ठाऊक नव्हते, पण दार कुठले ठोठावायचे ते पक्के होते.

हे सगळे भिवंडीजवळच्या वळ गावात बसून वाचताना जपानच्या शिस्तीचे गोडवे गाण्यात काही हशील नाही. परिसराची ओळख कोणी करून द्यायची, हा इथला खरा प्रश्न आहे. वळ भिवंडी शहराला लागून असले तरी महापालिकेबाहेर आहे. कारभार ग्रामपंचायतीचा, नियोजन एमएमआरडीएचे. मुंबईतली जकात वाचवण्यासाठी व्यापाऱ्यांनी वळ, पूर्णा, काल्हेर, राहनाळ, दापोडा या पट्ट्यात गोदामे थाटली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. त्यांच्याबरोबर हमाल, पॅकिंगवाले, ट्रकचालक आले आणि भातशेतीच्या गावाचे उपनगर झाले. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 या घरपट्टीच्या वहीत घराचा मालक सापडतो, त्याची घरपट्टी सापडते. त्या घरात किंवा गाळ्याच्या वर राहणाऱ्या भाडेकरूकडे किती माणसे आहेत, हा त्या वहीचा विषयच नसतो. ग्रामसभेतही मतदारयादीतल्या माणसालाच स्थान, आणि या भाडेकरूचे नाव बहुधा उत्तर प्रदेश-बिहारच्या यादीत.

अशी नोंद नसण्याची किंमत काय असते ते 29 एप्रिल 2023 ला दिसले. शनिवारची दुपार होती. वळपाड्यातली एक इमारत कोसळली. खाली गोदामात कामगार होते, वर कुटुंबे राहत होती. 8 जण गेले. अशा ढिगाऱ्यापाशी बचाव पथकाचा पहिला प्रश्न एकच असतो, आत किती माणसे होती? त्याचे उत्तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आठवणीतून गोळा करावे लागू नये, ते दप्तरात असावे. इमारत पडण्याचे पाप नोंदवहीने टळत नाही, हे खरे. त्यासाठी बांधकामाची तपासणीच हवी. पण खाली माल आणि वर माणसे राहतात ही गोष्ट कागदावर आली, की ती तपासली नाही असे म्हणायला कोणाला जागा उरत नाही.

ग्रामपंचायतीला हे झेपेल का, असे विचारले जाईल. जन्म-मृत्यूची नोंद ती करतेच, घरोघरी पट्टीची मागणी पाठवतेच. त्याच फेरीत घरटी माणसांचा आकडा आणि अडीअडचणीला कळवायचा एक फोन नंबर लिहून घेणे अशक्य नाही. ज्या गावाच्या पट्टीत गोदामांचा वाटा मोठा, त्याने गोदामात राबणाऱ्यांसाठी एवढे करणे न्यायाचेही आहे. आजची माणसे उद्या निघून जातील, हा दुसरा आक्षेप. निशी-कासाईचे अभियंतेही कामापुरतेच आले होते. पुढे एप्रिल 2019 मध्ये मूळचे पुण्याचे योगेंद्र पुराणिक एडोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आले. त्यासाठी त्यांना जपानी नागरिकत्व घ्यावे लागले, कारण परदेशी माणसाला तिथे मताचा अधिकारच नाही. वळच्या गाळ्यावर राहणारा माणूस तर याच देशाचा नागरिक. तो राहतो तिथे मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो. टोकियोतल्या मराठी अभियंत्यापेक्षा याचा हक्क मोठा, आणि ओळख मात्र कमी, हे मनाला फार लागते.

सगळ्यांत गंभीर आक्षेप भीतीचा आहे. नोंद म्हटले की परप्रांतीय कामगाराला पोलीस चौकी आठवते, आणि ती भीती निराधार नाही. जपानमध्येही 1940 नंतर शेजारी कुटुंबांचे गट युद्धकाळातल्या सरकारने लोकांवर नजर ठेवायला वापरले. ते 1947 मध्ये बंद करावे लागले. म्हणूनच ही वही पंचायतीची असावी, पोलिसांची नव्हे. तिच्यात धर्म, जात, मूळ गाव यांचे रकाने नकोत, आणि नोंद देणाऱ्याच्या हातात त्याच वेळी काहीतरी पडले पाहिजे. मराठी-हिंदीत छापलेला एक कागद पुरे: अग्निशमन दलाचा नंबर, जवळचे आरोग्य केंद्र, पावसात कुठला रस्ता पाण्याखाली जातो, कचरा कुठे टाकायचा, मतदार नोंदणी कुठे होते, आणि शेजारच्या गाळ्यात रसायनांचे पिंप आहेत की कापडाचे तागे. शेवटची ओळ लिहायला पंचायतीला सगळ्यांत जड जाईल. गोदामवाल्यांना विचारावे लागेल, काहींना ते आवडणार नाही. पण रात्री त्याच भिंतीला डोके लावून झोपणाऱ्या कुटुंबाला ती ओळ सगळ्यांत आधी वाचायची आहे.