समुद्राने दिलेली जागा

त्रिनिदादचे नाव मराठी घरांत पोहोचले ते क्रिकेटमुळे. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर वेस्ट इंडिजला कसोटीत प्रथमच नमवले. दिलीप सरदेसाईंचे शतक आणि सुनील गावसकरांचे पदार्पण त्याच सामन्यातले. मालिकेच्या अखेरच्या कसोटीत, त्याच मैदानावर, गावसकरांनी १२४ आणि २२० धावा काढल्या आणि तेथल्या एका कॅलिप्सो गायकाने त्यांच्यावर गाणे रचले. हा सारा तपशील आपल्याकडे अनेकांना मुखोद्गत आहे. मात्र त्या बेटावर दिवाळीच्या रात्री हजारो पणत्या लावणारी भारतीय वंशाची माणसे तेथे कशी पोहोचली, कोणत्या कष्टांतून त्यांनी आपले सण जपले आणि त्या सणांत शेजाऱ्यांना कसे सामावून घेतले, याची माहिती फारच थोड्यांना असते. ती करून घेण्यासाठी वॉटर्लू या एका लहानशा किनारी गावाकडे पाहिले तरी पुरे.

त्रिनिदादमधील गावांची नावे वाचणे म्हणजे इतिहासाचे एक पान वाचणे होय. चागुआनास हे मूळ निवासींचे नाव, सॅन फर्नांडो स्पॅनिश, वॉटर्लू इंग्रजांच्या विजयाची आठवण, तर फैजाबाद आणि बराकपूर ही थेट आपली. पोर्ट ऑफ स्पेनहून दक्षिणेकडे निघाले, चागुआनास मागे टाकून कारापिचैमाला आले आणि तेथून पश्चिमेला वळले की जुन्या उसाच्या शेतजमिनींमधून रस्ता पारियाच्या आखाताशी येऊन थांबतो. पर्यटकांच्या चित्रांत दिसणारी पांढरी वाळू आणि निळे पाणी येथे नाही. ओहोटीला चिखलाचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो आणि त्यावर पाणपक्ष्यांचे थवे उतरतात. किनाऱ्यापासून सुमारे पाचशे फूट आत, एका अरुंद बांधाच्या टोकाशी, समुद्रात एक लहानसे शिवमंदिर उभे आहे. बांबूच्या काठ्यांवर रंगीबेरंगी झेंड्या फडकत असतात. जवळच किनाऱ्यावर स्मशानभूमी आहे. समुद्राच्या वाऱ्यात पेटलेली चिता आणि पलीकडे मंदिराचा घुमट, हे दृश्य पाहणाऱ्या भारतीयाला आपण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहोत याचा क्षणभर विसर पडावा.

एका मजुराचे मंदिर

या मंदिराची कथा सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. सिवदास साधू हे लहानपणी आई-वडिलांबरोबर करारबद्ध मजुरांच्या जहाजातून त्रिनिदादला आले आणि उसाच्या मळ्यात राबत मोठे झाले. १९४७ साली त्यांनी किनाऱ्यालगत एक छोटे मंदिर बांधले. जमीन साखर कंपनीची होती. कंपनीने मंदिर हटवण्यास सांगितले. साधूंनी नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले, १९५२ मध्ये मंदिर जमीनदोस्त झाले आणि साधूंना चौदा दिवसांचा तुरुंगवास घडला.

तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी जो निर्णय घेतला, तो एखाद्या पुराणकथेत शोभावा. जमीन कंपनीची असेल, पण समुद्र तर कोणाच्या मालकीचा नाही! मग मंदिर समुद्रातच बांधायचे. दिवसभर मजुरी करायची आणि उरलेल्या वेळात सायकलवरून दगड, वाळू, सिमेंट वाहायचे. ओहोटीची वेळ साधून भर टाकायची, तेलाच्या रिकाम्या पिंपांत काँक्रीट भरून पाया रचायचा. भरतीने पुष्कळदा केलेले काम उधळून लावले. लोकांनी वेड्यात काढले. हे काम पंचवीस वर्षांच्या आसपास चालले. साधूंच्या पश्चात मंदिराची लाटांनी पडझड झाली. १९९५ साली, भारतीयांच्या आगमनाला १५० वर्षे झाली त्या निमित्ताने, स्वतंत्र त्रिनिदादच्या शासनाच्या साहाय्याने ते नव्याने उभे राहिले. आज किनाऱ्यावर साधूंचा पुतळा आहे. ज्या राजवटीने त्यांना तुरुंगात धाडले ती राजवट गेली. ज्या उसासाठी या माणसांना सातासमुद्रापलीकडे नेले, त्या उसाची सरकारी कंपनीही २००३ मध्ये बंद झाली. मंदिर मात्र आहे.

या घटनेकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. साधूंच्या आड आला तो कोणी परधर्मीय शेजारी नव्हता. आडवा आला तो मळेवाल्यांचा सातबारा आणि त्याच्या मागे उभी असलेली वसाहतवादी सत्ता. शेजारी तर सारेच त्या सत्तेने भरडलेले होते.

जहाजी भाऊ

३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज दोनशेहून अधिक भारतीय मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागले. आफ्रिकी गुलामांची मुक्तता १८३८ साली पूर्ण झाली होती आणि मळेवाल्यांना स्वस्तातले हात हवे होते. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय या बेटावर आणले गेले. बहुसंख्य कलकत्ता बंदरातून निघालेले, भोजपुरी आणि अवधी बोलणारे. काही मद्रासकडचे. पाच वर्षांचा करार, बराकीतले जिणे, आणि परवान्याशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकले तर कैद. एका जहाजातून आलेले लोक जात विसरून एकमेकांना ‘जहाजी भाई’ म्हणू लागले.

ही पद्धत बंद व्हावी यासाठी १९१२ साली केंद्रीय विधिमंडळात ठराव मांडला तो नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला. चार वर्षांनी पंडित मदनमोहन मालवीयांनी तोच विषय पुन्हा मांडला तेव्हा सरकारला नमावे लागले. वॉटर्लूच्या कथेशी महाराष्ट्राचा काही ऋणानुबंध असेल तर तो हा आहे, आणि तो क्रिकेटहून जुना आहे.

मजुरी संपली तरी अडचणी संपल्या नाहीत. हिंदू पद्धतीने लागलेल्या विवाहाला १९४५ च्या कायद्यापर्यंत मान्यता नव्हती. नोंदणी न झालेल्या विवाहातील संतती कायद्याच्या दृष्टीने अनौरस ठरे. मुलांना शिकवायचे तर १८६८ पासून सुरू झालेल्या कॅनेडियन मिशनच्या शाळा. त्या शाळांनी मजुरांच्या मुलांना अक्षर दिले, हे उपकार मान्य केलेच पाहिजेत. परंतु शिक्षकाची नोकरी हवी तर बाप्तिस्मा घ्यावा लागे, हेही तितकेच खरे आहे. १९५२ नंतर भदासे सगन महाराज यांच्या नेतृत्वाखाली सनातन धर्म महासभेने गावोगावी स्वतःच्या शाळा काढल्या. एकीकडे साधूंचे मंदिर पाडले जात होते आणि त्याच वर्षी महासभा उभी राहत होती, हा योगायोग बोलका आहे.

सण आपले, अंगण सर्वांचे

आता या बेटावरचे सण पाहा. फाल्गुनात ‘फगवा’ येतो. ढोलक-झांजांवर चौताल गायले जातात, अबीर उडतो आणि रंगात भिजणाऱ्यांत आफ्रिकी वंशाचे तरुणही असतात. शारदीय नवरात्रात मोकळ्या मैदानांवर रामलीला होते. सेंट लुशियाचे कवी डेरेक वॉलकॉट यांनी १९९२ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना जे भाषण केले, त्याची सुरुवात त्रिनिदादच्या फेलिसिटी गावातील रामलीलेने होते. दिवाळीला बांबूच्या चिरलेल्या कांबी वाकवून कमानी करतात आणि त्यांवर मातीच्या पणत्या मांडतात. त्या पेटवायला गल्लीतले सगळेच येतात. चागुआनास येथे १९८६ पासून ‘दिवाली नगर’ भरते. कार्तिकी पौर्णिमेला कुटुंबेच्या कुटुंबे समुद्रस्नानाला किनाऱ्यावर जातात. गंगा नाही म्हणून गंगेचा सण सोडला नाही. उत्तरेच्या किनाऱ्यावरील नदीकाठी गंगा दशहरा साजरा होतो.

देवाणघेवाण दुहेरी आहे. सिपारिया गावच्या चर्चमधील सावळ्या मेरीमातेला हिंदू ‘सिपारी माई’ म्हणतात आणि गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी तिच्यापुढे तेल, तांदूळ, फुले वाहतात. दक्षिणेकडील सेड्रोस या किनारी गावात आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्समध्ये मोहरमचा ‘होसे’ होतो. आपल्याकडच्या ताबुतांसारखेच ते ‘ताजा’ असतात आणि अखेरीस त्यांचे विसर्जन होते. १८८४ साली सॅन फर्नांडोला या मिरवणुकीवर वसाहतीच्या पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बळी पडलेल्यांत हिंदू मजूरही होते. त्या वेळच्या आदेशाने भारतीयांखेरीज इतरांना मिरवणुकीत सामील होण्यासही मनाई केली होती. ज्या अर्थी मनाई करावी लागली, त्या अर्थी इतर लोक सामील होत होते! मळेवाल्यांना भीती वाटत होती ती मजुरांच्या या एकत्र येण्याचीच. त्या मिरवणुकीतला ताशा आज लग्नांत आणि कार्निव्हलमध्येही वाजतो. बडा आणि चणे यांचा ‘डबल्स’ हा पदार्थ तर कोणत्याही वंशाच्या माणसाची न्याहारी झाला आहे.

शासनानेही एक साधे सूत्र पाळले. दिवाळी आणि ईद या दोन्हींची सार्वजनिक सुट्टी १९६६ मध्ये एकाच वेळी सुरू झाली. १ ऑगस्टचा मुक्तिदिन १९८५ पासून, ३० मेचा भारतीय आगमन दिन १९९५ पासून. आफ्रिकी परंपरेतील ज्या बाप्टिस्टांच्या उपासनेवर १९१७ ते १९५१ कायद्याने बंदी होती, त्यांनाही १९९६ मध्ये स्वतःचा दिवस मिळाला. कोणाला ‘तुझा सण सोड, मग तू या देशाचा’ असे सांगितले गेले नाही.

आपल्याकडच्या परिसंवादांत बहुसांस्कृतिकतेची चर्चा ऐकली की असे वाटते, जणू एकत्र नांदायचे तर प्रत्येकाने, विशेषतः बहुसंख्याकांनी, आपली ओळख थोडी पुसट करून यायला हवे. त्रिनिदादचा अनुभव याच्या उलट आहे. तेथे हिंदू लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहेत. २०११ च्या जनगणनेत ते सुमारे १८ टक्के होते. अंगणातली झेंडी त्यांनी काढली नाही, म्हणूनच शेजाऱ्याला त्यांच्या अंगणात येण्याजोगे काही उरले. ज्याच्यापाशी स्वतःची पणती आहे, तोच दुसऱ्याला ती पेटवायला बोलावू शकतो.

उणी बाजूही पाहावी

हे चित्र केवळ गोड आहे असे समजण्याचे कारण नाही. तेथील राजकारण दीर्घकाळ आफ्रिकी आणि भारतीय वंशांच्या रेषेवर विभागलेले आहे. १९९५ मध्ये बासदेव पांडे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. कमला प्रसाद-बिसेसर २०१० मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये त्या पदावर आल्या. तरीही मतपेटीजवळ जुनी रेष पुसली गेलेली नाही. सणांत एकत्र येणारा समाज निवडणुकीत अलग होतो, याची खंत तेथील विचारी माणसांनाही आहे.

दुसरी हानी भाषेची. भोजपुरी घरांतून जवळजवळ गेली. चौताल गाणाऱ्या अनेकांना त्यातील शब्दांचा अर्थ सांगता येत नाही. उरले आहेत ते स्वयंपाकघरातले आणि नात्यांचे शब्द: चुल्हा, तवा, आलू, दुलहिन, आणि मराठी माणसाला चकित करणारे ‘आजा-आजी’. भाषा गेली तरी सण टिकले याचे कौतुक करावे, पण भाषेवाचून सण किती पिढ्या टिकतील ही चिंताही बाळगावी. मॉरिशसच्या मराठी मंडळींनी गणपतीही राखला आणि मराठी शिकवण्याची सोयही राखली. त्रिनिदादला ते जमले नाही, कारण मजुराला शाळाच फार उशिरा मिळाली.

जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी त्रिनिदादला गेले असताना तेथील भारतवंशीयांना सहाव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड देण्याची घोषणा झाली. त्याचे स्वागतच आहे. परंतु कार्डाने प्रवास सुकर होतो, नाते आपोआप जुळत नाही. तेथील माणसे प्रथम त्रिनिदादची नागरिक आहेत आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. त्यांना ‘आपले दुरावलेले लोक’ म्हणून कुरवाळण्याची गरज नाही. हिंदी आणि संस्कृत शिकवणारे चांगले शिक्षक, इंग्रजीतून धर्मग्रंथ समजावणारी स्वस्त पुस्तके, पुरोहितांचे प्रशिक्षण, विद्यार्थ्यांची ये-जा, अशी कामे निष्ठेने केली तर ती त्यांना हवीच असतील.

आणि घेण्यासारखे आपल्यापाशीही काही आहे. आपल्याला भाषा आहे, मंदिरे आहेत, कॅलेंडरवर सुट्ट्या आहेत. अडवणारी साखर कंपनी नाही. तरीही आपल्या मध्यमवर्गीय वसाहतींत दिवाळी म्हणजे सहलीचे आरक्षण आणि गणेशोत्सव म्हणजे वर्गणी देऊन मोकळे होणे, असे होऊ लागले आहे. आरती म्हणायला ध्वनिफीत लावावी लागते आणि शेजारच्या घरातल्या परधर्मीय कुटुंबाला फराळाचे ताट नेऊन द्यायचे आपल्याला सुचत नाही. ज्यांना सारे आयते मिळाले त्यांनी, सायकलवरून समुद्रात मंदिर वाहून नेणाऱ्या त्या मजुरासमोर, स्वतःला एक प्रश्न विचारावा: आपण शेवटचा दगड केव्हा वाहिला?